शेवटी लिहायचं पहिलं पान

टाइपरायटरवर प्रबंध टाइप करणाऱ्यांचा एक नियम होता: अनुक्रमणिका सगळ्यांत शेवटी. वाचणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा पडणारं हे पान आमच्या हातून शेवटी निघायचं. कुठलं प्रकरण कितव्या पानावर सुरू होतं हे सगळी पानं तयार झाल्याशिवाय कळायचं नाही, दुसरा इलाजच नव्हता. मी हे काम कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं आणि त्याच्या पाठोपाठ शहरात प्रबंध टाइप करून देण्याचा धंदा उभा राहिला. मराठीची तीसची, मग चाळीसची परीक्षा पास झालेल्या आम्ही मुली गोदरेजच्या मशीनवर, मध्ये कार्बन घालून, एका वेळी चार-चार प्रती काढायचो. पहिली प्रत ठसठशीत, चौथी धुरकट.

अनुक्रमणिकेचं पान टाइप करणं हे कसबाचं काम मानलं जाई. उजवीकडे टॅब लावायचा, डावीकडे मथळा टाइप करायचा, मग टिंबं मारत मारत कडेला यायचं. आकडा एकेरी असेल तर दोन घरं सोडायची, दुहेरी असेल तर एक, म्हणजे एकं-दहं-शतक एकाखाली एक येतात. हे सगळं जमलं आणि मार्गदर्शकांनी तिसऱ्या प्रकरणात दीड पान वाढवायला सांगितलं, तर पुढचं सगळं सरकायचं. पुन्हा टाइप करावं लागू नये म्हणून '११२', मग '११२-अ', मग '११२-ब' अशी पानं घालायची पद्धत पडली. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांत ही अ-ब ची पानं आजही सापडतात. ती दिसली की त्या ठिकाणी कुणीतरी शेवटच्या घडीला काहीतरी महत्त्वाचं सांगितलं होतं एवढं नक्की समजावं.

लग्नानंतर मी गगनबावड्याला आले. इथे तहसील कचेरीच्या रस्त्याला माझं डीटीपीचं दुकान आहे. आता तेच पान मी प्रोग्रॅम लिहून बनवून घेते. पण गंमत नव्हे, खरं सांगते, प्रोग्रॅमही नेमका तिथेच अडतो जिथे आम्ही अडायचो: पानाचा आकडा. तो का अडतो याचा विचार करताना मला जुन्या पोथ्या, दप्तरांतले रुमाल आणि छापखाने बघावेसे वाटले. त्यातून जे हाती आलं ते एवढंच की मजकूर लेखकाचा असतो, पण पान प्रतीचं असतं. हा भेद आपल्या पूर्वजांना पक्का ठाऊक होता.

पोथी उघडून बघा. सुटी पानं, दोन फळ्यांच्या मध्ये ठेवून फडक्यात बांधलेली. पत्रांक असतो, तोही पानाच्या पाठच्या अंगाला समासात. तो पानं विस्कटली तर जुळवण्यासाठी. मजकूर शोधायला त्याचा उपयोग नाही, कारण दुसऱ्या लेखनिकाने तीच पोथी उतरवली की अक्षर बारीक-मोठं होणार आणि पान बदलणार. अध्यायाचं नावही आरंभी नसतं. ते शेवटी येतं, 'इति श्री' करून सुरू होणाऱ्या पुष्पिकेत. म्हणजे वरवर पानं चाळून मथळे टिपावेत अशी सोयच नाही. ज्याला ग्रंथात काय आहे हे सांगायचं असेल त्याने ते ग्रंथाच्या पोटातच सांगितलं पाहिजे.

आणि तसं सांगितलेलं आहे. महाभारताच्या आदिपर्वात पहिलं उपपर्व अनुक्रमणिकेचं आणि दुसरं पर्वसंग्रहाचं. पर्वसंग्रहात शंभर उपपर्वांची नावं येतात, मग अठरा पर्वांपैकी एकेकात काय काय घडतं ते येतं, आणि प्रत्येकाच्या शेवटी त्या पर्वात अध्याय किती व श्लोक किती याचा हिशेब दिलेला असतो. पानाचा आकडा देता येत नाही म्हणून अध्याय आणि श्लोक मोजून दिले. हा हिशेब नुसता वाचकाच्या सोयीचा नव्हता, प्रत खरी आहे की कुणी भर घातली आहे हे ताडून पाहण्याचं ते साधन होतं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्व १९३३ साली पूर्ण केलं आणि सगळं काम १९६६ साली संपलं. देशभरातून बाराशेहून जास्त हस्तलिखितं धुंडाळणाऱ्या त्या विद्वानांना पर्वसंग्रहातल्या या आकड्यांचा विचार करावाच लागला. शेकडो वर्षांपूर्वीची अनुक्रमणिका विसाव्या शतकातल्या संपादकांच्या टेबलावर साक्षीला उभी राहिली, हे मला फार मोठं वाटतं.

रोममध्ये थोरल्या प्लिनीने इसवी सन ७७ च्या सुमारास निसर्गाविषयीचा सदतीस भागांचा ग्रंथ लिहिला आणि पहिला अख्खा भाग पुढच्या छत्तीस भागांत काय आहे ते सांगण्यात घालवला. बादशहाच्या मुलाला सगळं वाचत बसावं लागू नये असं कारण त्याने दिलं आहे. त्याच्याही यादीत पानं नाहीत. गुंडाळीला पान कुठलं?

आमच्या घरात याहून जवळचं उदाहरण होतं. माझे सासरे दत्तजयंतीला गुरुचरित्राचा सप्ताह करत. पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, असा वाटा ठरलेला. पोथी नरसोबावाडीहून आणलेली असो की पुण्यात छापलेली, वाटा तोच. शेवटचा अध्याय अवतरणिकेचा. त्यात गुरू सिद्ध शिष्य नामधारकाला सगळा ग्रंथ एकेका अध्यायाच्या साराने पुन्हा सांगतो. पहिल्या अध्यायात हे, दुसऱ्यात हे, असं ओवीओवीने. ज्याला सप्ताह झेपत नाही त्याने निदान अवतरणिका वाचावी असं सासरे म्हणत, आणि पुष्कळ घरांत तसं वाचलंही जातं. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेचं पारायण होतं, असा मान या पानाला दुसरीकडे कुठे मिळाल्याचं माझ्या वाचनात नाही. समर्थांनी दासबोधात याच्या उलट केलं: पहिल्याच समासात ग्रंथात काय आहे ते सांगून टाकलं आणि वीस दशक, दर दशकाला दहा समास, प्रत्येक समासाला नाव, अशी बांधणी केली. आज कुणी दासबोध संगणकावर घेतला तर दशक पहिल्या पातळीचा मथळा, समास दुसऱ्या पातळीचा. करण्यासारखं काही उरतच नाही.

आता बावड्याकडे येते. गगनबावडा म्हटलं की लोकांना पाऊस आठवतो, करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट आठवतात, गगनगड आणि गगनगिरी महाराजांचा मठ आठवतो. पण हे पंत अमात्यांच्या बावडा जहागिरीचं ठाणं. त्या घराण्यातले रामचंद्र नीलकंठ, म्हणजे रामचंद्रपंत अमात्य, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत होते, राजाराम महाराज जिंजीला गेल्यावर हुकमतपन्हा म्हणून इथला कारभार त्यांनी सांभाळला आणि पुढे ते करवीरच्या गादीबरोबर राहिले. १७१५-१६ च्या सुमाराचं 'आज्ञापत्र' त्यांच्या नावावर आहे. मराठीत राज्यकारभारावर इतकं नेटकं गद्य दुसरं नाही असं माझं मत आहे, आणि ते नेटकेपण विषयांच्या मांडणीत आहे. आधी राज्य कसं उभं राहिलं त्याचा इतिहास, मग राजा, प्रधान, सावकार, वतनदार, वृत्ती आणि इनामं, गडकोट, शेवटी आरमार. एका विषयाचा मजकूर दुसऱ्यात सांडलेला नाही. मी हौस म्हणून छापील प्रतीवरून ते सगळं टाइप करून घेतलं आणि मथळ्यांना पातळी लावत गेले. एकही वाक्य इकडचं तिकडे हलवावं लागलं नाही.

त्याच आज्ञापत्राने मला अनुक्रमणिकेची मर्यादाही दाखवली. आंब्या-फणसाची झाडं तोडू नयेत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, या अर्थाचा जो उतारा आज पर्यावरणाच्या प्रत्येक भाषणात येतो, तो झाडांच्या किंवा शेतीच्या प्रकरणात नाही. तो आरमाराच्या प्रकरणात आहे, कारण प्रश्न जहाजाला लाकूड कुठून आणायचं हा होता. अनुक्रमणिका बघून तो उतारा शोधणारा माणूस आरमारापाशी थांबणार नाही. त्याला शेवटची शब्दसूची हवी. अनुक्रमणिका लेखकाची मांडणी दाखवते, सूची वाचकाची गरज भागवते. एकीचं काम दुसरी करू शकत नाही, आणि मराठी पुस्तकांत दुसरी बहुतेक वेळा नसतेच. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ग्रंथ बांधलेला तरी असतो. दप्तर तसंही नसतं. संस्थानी कारभाराचे कागद मोडीत लिहिलेले, शब्दांत जागा न सोडता सलग ओढलेले, चौकोनी फडक्यात बांधलेले. त्या गाठोड्यालाच रुमाल म्हणायचं. रुमाल सोडला आणि कागदांचा क्रम बिघडला की तो पुन्हा लावणं अवघड, म्हणून रुमालात काय आहे त्याची फेरिस्त, म्हणजे यादी, करून ठेवत. फेरिस्त हरवलेला रुमाल म्हणजे मुका रुमाल. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल होते, आणि गोविंद सखाराम सरदेसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे ४५ भाग काढले तेव्हा कुठे अभ्यासकांना विषयवार वाट मिळाली. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर दरबाराचे कागद आहेत. तिथे काम करणाऱ्या संशोधकांचं टायपिंग मी केलं आहे. त्यांच्या तळटिपांत पान नसतं. दप्तर, रुमाल, कागदाचा क्रमांक असतो. पुन्हा तेच: पानावर भरवसा नाही, क्रमांकावर आहे.

गावकऱ्यांना हा क्रमांकाचा भरवसा शिकवावा लागत नाही. माझ्या दुकानात येणारा माणूस 'सात-बारा', 'आठ-अ', 'सहा नंबरचा फेरफार' असं सहज बोलतो. हे तलाठ्याच्या दप्तरातल्या एक ते एकवीस गाव नमुन्यांमधले क्रमांक आहेत. अधिकार अभिलेख सातवा, पिकांची नोंदवही बारावी. साळवणच्या तलाठ्याकडे वही जाडी असेल, बोरबेटच्या तलाठ्याकडे बारीक. सातवा नमुना दोन्हीकडे सातवाच. साऱ्या महाराष्ट्राच्या जमिनीची अनुक्रमणिका लोकांना तोंडपाठ आहे.

छपाई आली आणि पानाच्या आकड्याला पहिल्यांदा किंमत आली, कारण एका आवृत्तीच्या हजार प्रतींत एकशे बारावं पान तेच राहू लागलं. मराठीत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं. पुढे शिळाछापाच्या पोथ्या निघाल्या त्यांनी पोथीचाच आकार ठेवला, पण खिळ्यांच्या छपाईतली पुस्तकं बांधणीची झाली, मथळा शेवटून उठून प्रकरणाच्या डोक्यावर आला आणि पुस्तकाच्या तोंडाला पृष्ठांकांसह अनुक्रमणिका बसली. ती कशी बसायची हे मला कोल्हापुरातल्या एका वयस्कर जुळाऱ्याने सांगितलं होतं. छापखान्यात खिळे मर्यादित. सोळा पानांचा एक फर्मा जुळवायचा, छापायचा, खिळे सोडवून खणात टाकायचे आणि पुढच्या फर्म्याला तेच वापरायचे. सगळे फर्मे छापून झाल्यावर सुरुवातीचा फर्मा जुळवायचा: नामपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, अनुक्रमणिका. प्रस्तावना किती लांबेल हे आधी माहीत नसतं. म्हणून या पानांना वेगळे आकडे. इंग्रजी पुस्तकांत रोमन आकडे, मराठी पुस्तकांत अक्षरी: एक, दोन, तीन, चार. मुख्य मजकूर पुन्हा १ पासून.

लहानपणी मला ही अक्षरी पानं शोभेसाठी असतात असं वाटायचं. प्रोग्रॅम लिहायला लागल्यावर त्यातली अक्कल कळली. अनुक्रमणिका स्वतः एक पान व्यापते की तीन, यावर मजकुराची पानं अवलंबून राहिली तर एक चक्र सुरू होतं: आकडे भरले की अनुक्रमणिका लांबते, ती लांबली की मजकूर पुढे सरकतो, तो सरकला की आकडे चुकतात. सुरुवातीच्या पानांचा हिशेब वेगळा ठेवला की हे चक्रच मोडतं. जुळाऱ्यांनी हा प्रश्न खिळ्यांच्या काळात सोडवून ठेवला होता.

संगणकाच्या जगात हेच कोडं नव्याने सोडवलं गेलं. अमेरिकेत एमआयटीमध्ये जेरोम सॉल्टझरने १९६४ साली रनऑफ नावाचा प्रोग्रॅम लिहिला; मजकुरात खुणा घालायच्या आणि यंत्राने पानं आखून द्यायची, ही तिथून चालत आलेली रीत. डोनाल्ड कनूथने सत्तरच्या दशकात टेक तयार केलं, आणि त्यावर लेस्ली लॅम्पोर्टने ऐंशीच्या दशकात लाटेक उभं केलं. लाटेकमध्ये अनुक्रमणिकेसाठी एकच आज्ञा लिहायची, पण दस्तऐवज दोनदा चालवायचा. पहिल्या फेरीत प्रत्येक मथळा कोणत्या पानावर पडला ते तो वेगळ्या फाइलीत टिपतो, दुसऱ्या फेरीत ती फाइल वाचून अनुक्रमणिका भरतो. आम्ही टाइपरायटरवर करत होतो तेच हे. आधी सगळं टाइप, मग पहिलं पान.

मायक्रोसॉफ्टचं वर्ड १९८३ साली आलं. आमच्या भागात ते रुळलं नव्वदच्या दशकाच्या अखेरीला, आणि तेही मराठीच्या त्या काळच्या फॉन्टांबरोबर: श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, शिवाजी. या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसे, पण फाइलीच्या पोटात रोमन अक्षरांचेच संकेत असत. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा पोशाख चढवी. मजकुरात सगळं ठीक. अनुक्रमणिका बनवायची आज्ञा दिली की वर्ड मथळे उचलून आणे आणि स्वतःच्या ठरलेल्या रोमन फॉन्टात मांडे. मग 'प्रस्तावना'च्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग येई. पुष्कळ टायपिस्टांनी तेव्हाच ठरवून टाकलं की मराठीला आपोआप अनुक्रमणिका चालत नाही, आणि हाताने टिंबं मारायची सवय संगणकावरही पुढे चालू राहिली. उपाय साधा होता. अनुक्रमणिकेच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पातळीच्या शैलींनाही मराठी फॉन्ट लावायचा. युनिकोड रुळल्यावर तर तेही करायची गरज राहिली नाही, कारण आता फाइलीच्या पोटातही खरंच 'प' असतो. तरी सवय गेलेली नाही.

मला प्रोग्रॅम लिहायची गरज पडली ती जैवविविधता नोंदवह्यांमुळे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेच्या समितीने लोकांच्या मदतीने अशी नोंदवही करायची असते: पिकं, रानभाज्या, औषधी झाडं, मासे, पक्षी, देवराया, जाणकार माणसं. नमुने ठरलेले, मजकूर गावागणिक वेगळा. आमचा तालुका जिल्ह्यात सर्वांत कमी वस्तीचा, पण सह्याद्रीच्या माथ्यावरचा. एकेका गावात नोंदीच नोंदी. काही गावांच्या वह्यांचं काम माझ्याकडे आलं. माहिती तक्त्यांत भरलेली होती, तिचे एकसारखे दस्तऐवज करायचे आणि प्रत्येकाला अनुक्रमणिका द्यायची. हे हाताने करणं मला पटेना.

वर्डची फाइल म्हणजे खरं तर एक दाबून बांधलेलं गाठोडं असतं. तिच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं की आत मजकुराची एक फाइल, शैलींची एक, मांडणीच्या सूचनांची एक, अशा सुट्या फाइली दिसतात. ही रचना २००६ साली एक्मा संस्थेने आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने मानक म्हणून जाहीर केली, त्यामुळे ती कुणालाही वाचता-लिहिता येते. पायथन भाषेत त्यासाठी पायथन-डॉक्स नावाची तयार हत्यारं मिळतात. परिच्छेद घाला, तक्ता घाला, मथळा घाला, सगळं होतं. अनुक्रमणिका घाला, अशी आज्ञा मात्र त्यात नाही. सुरुवातीला मला हे विचित्र वाटलं. मग कारण उमगलं: त्या गाठोड्यात पान नावाची गोष्टच नाही. मजकूर आहे, मापं आहेत, पण कुठे पान संपणार हे ते उघडणाऱ्या संगणकावरचे फॉन्ट, कागदाचा आकार आणि वर्ड मिळून ठरवतात. पायथनला मजकूर माहीत असतो, पान माहीत नसतं. पोथी उतरवणाऱ्या लेखनिकाची जी स्थिती, तीच त्याची.

म्हणून प्रोग्रॅमने आकडे लिहायचे नाहीत, आकडे भरायची जागा तयार करायची. वर्डमध्ये तिला फील्ड म्हणतात. तिचे भाग ठरलेले: सुरुवातीची खूण, मग आज्ञा, मग विभाजक खूण, मग तात्पुरता मजकूर, मग शेवटची खूण. आज्ञेत सांगायचं की पहिल्या ते तिसऱ्या पातळीचे मथळे घे आणि प्रत्येक ओळ त्या मथळ्याला जोडून दे. मग सूचनांच्या फाइलीत एक ओळ घालायची की दस्तऐवज उघडताना फील्ड ताजी कर. उघडणाऱ्याला वर्ड एकदा विचारतो, 'हो' म्हटलं की पानं आखून, मथळ्यांवर अदृश्य निशाणं रोवून, एकेका निशाणाचं पान विचारत तो ओळी भरतो. उघडायला माणूसच नसेल, शेकडो दस्तऐवजांचे थेट पीडीएफ काढायचे असतील, तर लिब्रेऑफिस पडद्याशिवाय चालवून त्याच्याकडून अनुक्रमणिका ताजी करून घेता येते. मी हल्ली तेच करते, कारण तिथे पानं आखणारा आणि छापणारा एकच राहतो.

मराठीसाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे अक्षराचं माप. वर्डच्या फाइलीत मजकुराला मापं दुहेरी असतात: रोमन लिपीचं वेगळं, देवनागरी-अरबीसारख्या लिप्यांचं वेगळं. ठळकपणाही तसाच दुहेरी. प्रोग्रॅमने नेहमीचं माप वाढवलं तर इंग्रजी मथळा मोठा होतो आणि मराठी मथळा होता तेवढाच राहतो. दोन्ही मापं शैलीत एकदाच लिहून ठेवली की प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट सुरुवातीच्या अक्षरी पानांची. मानकात देवनागरी अंकांची सोय आहे, अक्षरी आकड्यांचीही आहे, पण ती हिंदीची. दुसऱ्या पानावर 'दोन' ऐवजी 'दो' उमटतं. मराठी पुस्तकांची दीडशे वर्षांची रूढ पद्धत त्या जाडजूड मानकात कुणी नोंदवलेली नाही. ती नोंदवली जावी यासाठी मराठी संगणनात काम करणाऱ्या संस्थांनी खटपट केली पाहिजे.

पान प्रतीचं असतं हे मला सगळ्यांत स्पष्ट पावसाने दाखवलं. इथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलैत कुंभीचं पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आलं की कोल्हापूर तुटतं. अशाच एका जुलैत एका विद्यार्थ्याचा प्रबंध द्यायची मुदत आली होती. तो कोल्हापुरात, मी इथे. फाइल मेलने पाठवली, त्याने ती तिथल्या एका दुकानात छापून घेतली. तिथल्या संगणकावर मी वापरलेला फॉन्ट नव्हता, दुसरा आपोआप बसला, ओळी लांबल्या आणि प्रबंध अकरा पानांनी वाढला. पण मथळे खरे मथळे होते, त्यांना शैली होती. फोनवर मी एवढंच सांगितलं: अनुक्रमणिकेवर टिचकी मार, एफ-नाइन दाब, पूर्ण यादी ताजी कर. आकडे जागच्या जागी बदलले. टाइपरायटरच्या काळात तो मुलगा त्या वर्षी प्रबंध देऊ शकला नसता.

माझ्याकडे येणाऱ्या फाइलींत मात्र बहुतेकांनी मथळा नुसता ठळक केलेला असतो, आकार वाढवलेला असतो, मधोमध घेतलेला असतो. माणसाच्या डोळ्याला तो मथळा दिसतो. प्रोग्रॅमला तो जाड अक्षरातला साधा परिच्छेद असतो. हे कुठलंही यंत्र मागून खात्रीने दुरुस्त करू शकत नाही, कारण हे वाक्य मथळा आहे हा निर्णय लिहिणाऱ्याचा आहे. पर्वसंग्रह रचणाऱ्याने तो घेतला, रामचंद्रपंतांनी घेतला, समर्थांनी समासाला नाव देताना घेतला. आपण तो संगणकाला सांगायचं टाळतो. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा कलम ४ मध्ये सगळ्यांत आधी हेच मागतो की प्रत्येक कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशांकासह ठेवावेत. अर्जांना उत्तरं देण्याचं कर्तव्य त्यानंतरचं. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ऐंशी पानांचा असतो आणि रस्त्याचं काम त्यात कुठे आहे हे बघायला आलेला माणूस पहिल्या पानावरच परत फिरतो, असं होऊ नये.

संगणकाचे वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: फॉन्ट रंगवायला शिकवण्याआधी मथळ्याची शैली शिकवा. प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी पहिलं प्रकरण हातात घेतानाच ती लावलेली आहे का ते पाहावं. आणि बावड्यात, असळजला, तिसंगीत, पळसंब्यात ज्यांच्या माळ्यावर जुने मोडी कागद असतील त्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी ते खाली काढावेत. मोडी वाचता येत नसेल तरी अडत नाही. आहे त्या क्रमाने प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने आकडा घाला, एकूण कागद किती ते वरच्या कोऱ्या कागदावर लिहा आणि तारीख टाका. वाचणारा आला की विषय तो भरेल.